डॉक्टरीणबाईंचं नाव आणि न पुसलं जाणारं पान

सेनगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो, तेव्हाची एक तक्रार अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. त्यात ना रक्त सांडलं होतं, ना कुणाचं कुलूप फुटलं होतं. तरी माझ्या नोकरीतल्या चांगल्या कामांत मी ती फार वर धरतो.

तेव्हा मोबाइल खेड्यांत पोचले होते, पण इंटरनेट हिंगोलीच्या कॅफेपर्यंतच आलं होतं. एका सकाळी हजेरी उरकून बसलो होतो, तर पुसेगावजवळच्या तांड्यावरचे बाप-लेक आले. लेक गुरांची डॉक्टर, आसपासच्या गावांत उपचार करायची. पुण्याकडच्या एका डेअरीत तिची निवड झाली होती. रुजू होण्याआधी तिथल्या मॅनेजरनं तिचं नाव कॉम्प्युटरवर शोधलं, तर एकच पान निघालं. हिच्या इंजेक्शननं गाय मेली, हिची डिग्री खोटी, असा मजकूर आणि वर मेलेल्या गायीचा फोटो. नेमणूक अडकली.

"डिग्री दाखवली साहेब, तरी ते म्हणून राहिले की आधी ते पान काढा," ती म्हणाली.

बापाचा आवाज चढला. "आमच्या पिढ्या गुरांमागं गेल्या. लेक गुरांचीच डॉक्टर झाली, अन् तिच्यावरच गाय मारल्याचा डाग? तांड्यात तोंड कसं दाखवावं आमी?"

ठाणे अंमलदार हळूच म्हणाला, "साहेब, बदनामी अदखलपात्र आहे. नोंद घेऊन कोर्टाची वाट दाखवू." कायद्यानं त्याचं बराबर होतं, पण मला संताप आला होता. नोंद घेतली, न्यायालयाकडून तपासाची परवानगी मिळवली आणि कामाला लागलो.

हिंगोलीतल्या कॅफेवाल्यांकडे चौकशी लावली. त्यातल्या एकानं निरोप पाठवला. मेलेल्या गायीचा फोटो घेऊन एक जण आला होता, दोन बोटांनी बराच वेळ टाइप करत बसला होता. उन्हाचे दिवस, तोंडाला दस्ती गुंडाळलेली, त्यामुळे चेहरा दिसला नाही. जाताना मात्र त्यानं पुसेगावच्या गाडीची वेळ विचारली होती.

पुसेगावात जनावरांवर पोट असलेले मोजकेच लोक. मी त्यांना एकेक करून चहाला बोलावलं. प्रत्येकाला एवढंच सांगितलं, "तांड्यावरच्या डॉक्टरीणबाईंबद्दल कुणीतरी वाईटसाईट लिहिलंय." दूधवाल्यानं विचारलं, "काय लिवलं?" गुरांच्या दलालानंही तेच विचारलं. तिसरा डिग्री नसताना गुरांना सुया टोचणारा, औषधं विकणारा. तो म्हणाला, "कोणी लिवलं ते कळलं का साहेब?"

निर्दोष माणसाला आधी उत्सुकता असते, भीती नंतर येते. मी त्याच्याच बोलीत विचारलं, "काय लिवलं, हे सगळे विचारून राहिले. तुमाला काहून विचारावं वाटलं न्हाई?" त्यानं कप खाली ठेवला. मग जबाब द्यायला त्यानं वेळ लावला नाही. बाई शिकून आल्यापासून त्याला कुणी बोलवेना, म्हणून हा उद्योग. फोटोतली गाय साप चावून मेलेली होती.

मला वाटलं, जिंकलो. त्याला कॅफेत नेऊन म्हटलं, "काढ ते पान." तर गड्याला पासवर्ड आठवेना! त्यानं बायकोचं नाव टाकलं, बैलांची नावं टाकली, कुलदैवताचंही टाकून पाहिलं. ते पान ज्या कंपनीच्या साइटवर होतं तिला पत्र धाडलं, उत्तर नाही. आरोपी माझ्यासमोर घाम पुसत बसलेला आणि त्याचं पान जगभर बोलतंय! मी आयुष्यात इतका चिडलो नव्हतो.

कॅफेवाला म्हणाला, "बाईंच्या नावावर दुसरं काहीच न्हाई साहेब, म्हणून हेच वर येतं." तिथं माझी ट्यूब पेटली. गावात कुणी निंदा करत सुटला तर त्याचं तोंड किती दिवस धरणार? चार माणसं खरं बोलू लागली की तो आपोआप मागं पडतो. मी बाईंना बोलावून म्हटलं, "तुमच्या नावाचं पान तुमीच उघडा."

"मीच माझी तारीफ लिहू?"

"तारीफ न्हाई. लोकांनी गुरांचं काही विचारलं की उपचार लिहा अन् वर पूर्ण नाव टाका."

पहिला प्रश्न मीच पाठवला, माझ्या नावानिशी. घरची म्हैस रेडकू दगावल्यापासून पान्हा सोडत नव्हती. बाईंनी नेमकं, सोप्या मराठीत उत्तर दिलं. मग बैलांच्या खांदेसुजीवर लिहिलं, लाळ्या-खुरकुतावर लिहिलं. परभणीला शिकणारी शेतकऱ्यांची मुलं ते वाचून आपापल्या गावचे प्रश्न पाठवू लागली, एकमेकांना सांगू लागली. खोटं पान हळूहळू खाली सरकत गेलं.

आणि एके दिवशी डेअरीच्या मॅनेजरचा बाईंना फोन आला. त्यांच्या गोठ्यात लाळ्या-खुरकूत शिरलं होतं. त्यांनी रोगाचं नाव शोधलं होतं आणि समोर आलं बाईंचं नाव! त्याच आठवड्यात तिच्या हातात नेमणुकीचा आदेश पडला. बाप ठाण्यात पेढे घेऊन आला.

आरोपी पकडला की प्रकरण मिटलं, असं मी तोवर मानत आलो होतो. गेलेलं नाव परत मिळवून द्यायला पंचनामा पुरत नाही, हे त्या पोरीच्या प्रकरणानं मला शिकवलं. ते तिलाच कामातून मिळवावं लागलं. आम्ही फक्त पाठीशी उभे होतो.

निवृत्तीनंतर नातवानं गंमत म्हणून माझं नाव शोधलं. खून, दरोडे, पदक, कशाचाही पत्ता नाही. एकच गोष्ट आली: एका डॉक्टरीणबाईंना मी विचारलेला प्रश्न, की म्हैस पान्हा का सोडत नाही. नातू हसून लोटपोट झाला. म्हणाला, "आजोबा, हे काढून टाकायला सांगू का त्यांना?"

मी म्हटलं, "खबरदार, हात लावशील तर."