लातूरला वाजलेला बास

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे खाली कमेंटमध्ये शिव्या जरा कमी पडतील. मी नांदेडला इन्व्हर्टर-यूपीएस दुरुस्तीचं दुकान चालवतो. करंट असला तर दिवा लागतो, नसला तर लागत नाही — एवढ्यावर माझं पोट आहे. त्यात आमचं घर बौद्ध. अंगात येणं, उतारे, लिंबू-मिरची यांना आमच्या उंबऱ्याच्या आत कधी जागा मिळाली नाही. लहानपणी कुणी भुताची गोष्ट सुरू केली की अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "पत्ता घे त्याचा, जाऊन भेटून येऊ." त्यामुळे इथले भुताखेतांचे अनुभव मी आजवर टाइमपास म्हणून वाचत आलो. दोन-तीन जणांना खवचट कमेंटही टाकल्या आहेत. त्यांनी आता हिशोब चुकता करून घ्यावा, माझी तक्रार नाही.

दुकान सोडलं तर माझा दुसरा उद्योग बास गिटार. आमची छोटी ऑर्केस्ट्रा पार्टी आहे. जयंतीचे कार्यक्रम, हळदी, लग्नं, वाढदिवस... पंधरा-सोळा वर्षं झाली. बास म्हणजे चार जाड तारांची गिटार. लोक हमखास विचारतात, "दोन तारा तुटल्या का हो?" ती वाजत असताना कुणाला वेगळी ऐकू येत नाही, बंद पडली की मात्र गाणं पोकळ लागतं आणि का ते कळत नाही.

अण्णा ढोलकीवाले. सोपानकाका म्हणून त्यांचे लातूरचे दोस्त गायक. या दोघांच्या पार्टीनं किनवटपासून औशापर्यंत गावोगाव भीमगीतं गायली. मी ढोलकी धरावी ही अण्णांची इच्छा होती. मी बास घेतला तेव्हा ते आईला म्हणाले होते, "चांगलं वाजतं वाद्य देऊन राहिलो तर ह्याला हे टुंगटुंग पाहिजे."

पुढे अण्णांचे कान गेले. आयुष्यभर कर्ण्यांच्या तोंडाशी बसल्यावर दुसरं काय होणार! आधी बारीक आवाज गेले, मग सगळेच. कानाचं मशीन लावून पाहिलं. "पत्र्यावर खडे ओतल्यावानी वाटतंय," म्हणून चौथ्या दिवशी ते काढून कपाटात टाकलं. मग हळूहळू बोलणंच बंद झालं. आम्ही पाटीवर लिहून विचारायचो, ते मान हलवायचे. माणूस घरात असून घरात नव्हता. आई गेल्यावर तर मला भीती वाटायची की एक दिवस हे बसल्या जागी कायमचे गप्प होतील.

एकदा दुपारी मी घरी सराव करत होतो. अण्णा शेजारून जाताना माझ्या अँपला टेकले. अँप म्हणजे बासचा स्पीकर असलेला लाकडी खोका, अण्णा त्याला डबा म्हणतात. टेकले आणि थांबले. तळहात सपाट ठेवला. मी वाजवत राहिलो. मोठ्यानं म्हणाले, "हे तू हाईस का?"

मी मान हलवली. बहिऱ्या माणसाला सगळ्या ऑर्केस्ट्रातून फक्त बास मिळाला — तोही हातातून. ज्याला टुंगटुंग म्हटलं तोच! त्या दिवसानंतर रोज संध्याकाळी पाच वाजता खुर्ची ओढून बसायचे, हात ठेवायचे आणि म्हणायचे, "लाव." चुकलो की कपाळाला आठी. बापलेकाचं बोलणं म्हणाल तर हेच उरलं होतं.

गेल्या वर्षी सोपानकाकांचा फोन आला. जिल्हा परिषदेतून रिटायर होत होते. औसा रोडच्या एका मंगल कार्यालयात दुपारी सेवापूर्ती सोहळा, जेवण, आणि आमच्या पार्टीचा कार्यक्रम. स्वतः काका त्यांचं जुनं गाणं म्हणणार होते, ज्यावर अण्णांची ढोलकी गाजलेली.

पाटीवर लिहून दाखवलं तर अण्णा उसळले. "बहिऱ्यानं गाण्याला जाऊन काय करायचं? लोकांची तोंडं हालतेली बघायची का?"

मी लिहिलं — माझ्या डब्याला हात लावून बसा.

तिसऱ्या दिवशी पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला. मला आनंद झाला आणि लगेच धास्तीही. तिथे त्यांना काही मिळालं नाही तर ते पुन्हा घराबाहेर पडणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं.

आदल्या दिवशी दुपारी मी बास उघडला. नव्या तारा घातल्या, बोटं फिरतात त्या पट्टीला तेल लावलं, पट्टीचा बाक सरळ केला (आपल्याकडच्या उन्हात गाडीत राहिला की लाकूड वाकतं), बॅटरी मीटरवर तपासली, मागचं झाकण लावलं. मध्येच दुकानातून फोन आला म्हणून घाईत निघालो. सगळं केलं या समाधानात होतो.

निघालो सकाळी, पण चाकूरच्या अलीकडे गाडी पंक्चर झाली. स्टेपनीत हवा नाही. लातूरला पोचलो तोवर भाषणं संपत आली होती. साउंड चेक वगैरे राहिलं बाजूला. बासच्या टोकाला चिमटतो त्या क्लिपच्या ट्यूनरवर सूर लावले, वायर खोचली, अँप चालू केला. अँप स्टेजच्या मागच्या कडेला, त्याच्या शेजारी अण्णांची खुर्ची. मी त्यांच्या पुढे, त्यांना माझी पाठ दिसत होती, हात नाहीत. हे लक्षात ठेवा.

सुरुवातीची दोन गाणी झाली. वळून पाहिलं तर अण्णांचे डोळे मिटलेले, तळहात डब्यावर. बोटं हलत नव्हती.

मग सोपानकाका उभे राहिले. माइक धरून म्हणाले, "माझा ढोलकीवाला मागं बसलाय. त्याला ऐकू येत न्हाई म्हणत्यात. मी न्हाई मानत." आणि गाणं उचललं.

दुसऱ्या ओळीला वळून पाहिलं... अण्णांची बोटं डब्यावर ढोलकी वाजवत होती. अगदी लयीत. डोळ्यांतून पाणी. मला इतकं भरून आलं की दुसऱ्या कडव्यानंतर माझी चूक झाली. तिथे दीड मात्रेचा खंड आहे, सगळे थांबतात आणि ढोलकी (आता आमच्या पार्टीतला एक पोरगा वाजवतो) एकटी येते. सगळे थांबले, मी चालतच राहिलो. भानावर आलो तेव्हा गडबडीत सगळ्यात खालची तार मोकळीच, बोट न दाबता छेडली, तीही बेसूर जागी. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. म्हटलं वाचलो.

परतताना गाडीत अण्णा सारखे बोलत होते! वर्षानुवर्षांचं साठलेलं. कुठल्या गावात कर्णा जळाला, कुठे पावसात ताडपत्रीखाली गायले... अहमदपूर गेल्यावर माझ्या मांडीवर थाप मारली. "चांगला वाजवलास. पण दुसऱ्या कडव्याच्या खंडाला सगळे थांबले अन् तू एकटाच चालून राहिलास. वरून खालची तार कशाला मारलीस बेसूर?"

मी हसलो, कान पकडले. केवढा आनंद झाला ते सांगता येणार नाही. बापानं इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी चूक काढली होती, ढोलकीवाल्यानं साथीदाराची काढावी तशी.

घरी आलो. हातपाय धुऊन चहाला बसलो तर सुषमा, माझी बायको, म्हणाली, "ही बॅटरी टेबलावरच राहिली होती तुमची. मीटरखाली सापडली."

मला आधी कळलंच नाही. मग उठून बासचं मागचं झाकण काढलं. आत जागा रिकामी. नुसती बॅटरीची क्लिप लोंबत होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — माझा बास ॲक्टिव्ह आहे. आत छोटं सर्किट असतं, त्याला नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. काही बासना बॅटरीशिवाय वाजवायचा स्विच असतो, माझ्या बासला नाही. बॅटरी नसेल तर अँपमध्ये आवाज जाणारच नाही. क्लिपचा ट्यूनर लाकडाच्या थरथरीवर चालतो, म्हणून सूर लावताना कळलं नाही. बॅटऱ्यांवर घर चालवणारा मी, आणि स्वतःची बॅटरी टेबलावर... दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

चहा तसाच ठेवून रियाजला फोन लावला. रियाज आमचा कीबोर्डवाला. "भाई, आज बास कसा होता?"

"बास?" तो हसला. "भाई, तेरा बास था किधर? मी दहादा तुझ्याकडे बघितलं, तू आपल्याच मस्तीत! मग डाव्या हातानं मीच वाजवून काढलं."

साउंडवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "दादा, तुमच्या लाइनला शेवटपर्यंत काहीच आलं न्हाई. काटा हालला न्हाई. कार्यक्रम चालू होता म्हणून बोललो न्हाई."

सोपानकाकांच्या मुलानं सगळं गाणं मोबाइलवर घेतलं होतं. ते मागवलं, हेडफोन लावून पन्नासदा ऐकलं. बास नाही. खंडाच्या जागी ढोलकी एकटी, आजूबाजूला स्वच्छ शांतता. माझी चूक त्यात नाहीच!

मग अण्णांना ती कळली कशी?

मला स्वतःला बास ऐकू आला असं वाटलं, ते सोडून देऊ. रियाजचा डावा हात मी माझा समजलो असेन. अण्णांना गाणं पाठ आहे, तेही मान्य. ड्रमचे हादरे स्टेजच्या फळ्यांतून येत असतील, त्यावर त्यांनी ठेका धरला असेल. पण त्या खंडात ड्रम थांबला होता, रियाज थांबला होता. ढोलकी सोडली तर चालू होती फक्त माझी बोटं, आणि ती अण्णांना दिसत नव्हती. मोकळी तार छेडली हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. घरी सरावात मी त्या जागी नेहमी नीट थांबतो, म्हणजे आधीची आठवण म्हणावी तर तेही नाही.

पुढचे दोन महिने मला चैन नव्हतं. बॅटरी काढून बास अँपला लावायचो आणि कान खोक्याला चिकटवायचो — काही नाही. मीटर लावून पाहिलं. सर्किटमध्ये उरलेला करंट किती टिकतो ते मोजलं. चार-पाच सेकंदांत खलास. दुकानात गिऱ्हाईक उभं असायचं आणि मी कागदावर सर्किट काढत बसायचो. सुषमा म्हणाली, "झालं ते चांगलंच झालं ना? मग कशाला उकरताय?" बरोबर होतं तिचं. पण डोक्यातला किडा स्वस्थ बसू देईना.

शेवटी एका रविवारी मी ते केलं. अण्णांना न सांगता बॅटरी काढून ठेवली. पाच वाजले. ते आले, खुर्ची ओढली, डब्यावर हात ठेवला. "लाव."

मी लातूरचंच गाणं सुरू केलं. बोटं नीट पडत होती. अण्णा वाट बघत बसले. मग हात जरा दाबला. मग उचलून पायजम्यावर पुसला, पुन्हा ठेवला. मग दुसरा हात ठेवून पाहिला. माझी बोटं चालू आहेत हे आता त्यांना समोर दिसत होतं. त्यांनी दोन्ही तळहात उलटेपालटे करून पाहिले. एरवी मोठ्यानं बोलणारा माणूस, अगदी हळू म्हणाला,

"हात बी गेला का रे?"

मी झाकण उघडलं. कशीबशी बॅटरी लावली आणि एक तार छेडली. अण्णांनी हात ठेवलेलाच होता. त्यांचा चेहरा मी आयुष्यभर विसरणार नाही.

"सेल गेला व्हता व्हय!" ते हसत सुटले. "मला वाटलं मीच गेलो."

मी मान हलवली. हो म्हणालो. खोटं बोललो.

लातूरला त्यांच्या हाताखाली काहीच नव्हतं, हे मी त्यांना आजपर्यंत सांगितलेलं नाही. घरी कुणी आलं की ते अजून सांगतात, "लातूरला पोरानं लई वाजवलं, एकाच जागी चुकला." मी खाली मान घालून बसतो.

तुमच्यात कुणी इलेक्ट्रॉनिक्सवाले, कानाचे डॉक्टर असतील आणि काही सुचत असेल तर खाली जरूर लिहा, मी सगळं वाचेन. फक्त पुन्हा एकदा तपासून बघा, असं मला कुणी सांगू नका.