भवानीआधीची जुडी

बाजाराच्या पहिल्याच रविवारी, अजून एकही गिऱ्हाईक आलेलं नसताना, मी एका शेतकरी बाईच्या ढिगातून मेथीची सगळ्यात टवटवीत जुडी उचलली आणि पैसे न देता चालता झालो. चोरीचा हेतू नव्हता. हेतू फार उदात्त होता. माझ्या बहुतेक फजित्या उदात्त हेतूंतूनच झालेल्या आहेत, असं घरच्यांचं मत आहे.

त्याचं असं झालं. कसबा बावड्याच्या कडेला आमची कॉलनी आहे. पलीकडे ऊस, अलीकडे आम्ही. गॅलरीतून शेत दिसतं आणि भाजी मात्र चार हातांतून फिरून शिळी होऊन घरात येते, या मुद्द्यावर मी कॉलनीच्या बैठकीत वीस मिनिटं बोललो. आमच्याकडे जो बोलतो त्याच्याच गळ्यात काम पडतं. हे मला ठाऊक होतं, पण बोलताना माणसाला कुठं काय आठवतं? ठरलं असं, की दर रविवारी सकाळी कॉलनीच्या मोकळ्या जागेत शेतकऱ्यांनी स्वतः आणलेल्या भाजीचा बाजार भरवायचा. वेळ साडेसातची, कारण रविवारी उन्हं जरा वर आली की कोल्हापुरात मटणाखेरीज दुसरा विषय निघत नाही.

शेतकरी शोधायला मी स्कूटरवरून गडमुडशिंगीला गेलो. तिथं एक साठीच्या घरातली बाई भेटली. मी तिला मावशी म्हणायला लागलो. उसाच्या कडेला दहा गुंठ्यांत ती मेथी, चाकवत, वांगी करायची. हे दहा गुंठे तिच्या नवऱ्याच्या डोळ्यांत सलत होते. ऊस लावला की तोडणीची टोळी येते, ट्रॅक्टर भरतो, संपलं. भाजी मात्र घेऊन दारोदार हिंडावं लागतं.

"पावणं, तुमची बंगल्यातली माणसं पिशवी घिऊन खाली उतरतील व्हय?" त्यानं मला विचारलं.

"उतरतील की," मी म्हणालो.

"मग ह्यो एक रविवार बगतो. न्हाय खपलं तर ह्या तुकड्यात पन ऊस लावतो. बेणं सांगून ठेवलंय."

तो मोटर चालू करायला विहिरीकडे गेल्यावर मावशी म्हणाली, "बाकीचं रान त्येंचं. ह्ये दहा गुंठं तेवढं माजं हाय. बगा की कायतरी."

मी शब्द दिला. शब्द देण्यात मी पहिल्यापासून सढळ आहे.

रविवारी मावशी आली. गावातल्या आणखी तिघींनाही टेंपोत घालून तिनं आणलं होतं. आता, आमच्या कॉलनीत टाकीचा नळ बदलला तरी नारळ फुटतो, त्यामुळे उद्घाटन हवंच. पाहुणे म्हणून कॉलनीचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक. फुलांच्या गुच्छाऐवजी त्यांना भाजीचा गुच्छ द्यायचा, ही कल्पना माझी. ती मला आंघोळ करताना सुचली होती आणि मी स्वतःवरच खूश होतो. चौघींच्या ढिगांतून थोडं थोडं उचललं. मावशीची मेथी, कुणाचा मुळा, कुणाची चार वांगी. सुतळीनं बांधलं आणि सरांच्या हातात दिलं. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, सर मातीचे उपकार या विषयावर बोलू लागले.

सरांचं चालू असतानाच आमच्या शेजारच्या काकू मावशीपाशी गेल्या. "मेथी कशी दिली?"

मावशीनं ढिगावर पोतं ओढलं. "द्यायची न्हाय."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मावशीकडे पाहिलं.

"अजून भवानी व्हायचीय, आन् पयलीच जुडी फुकाट गेली," ती म्हणाली. "आता आज काय खपत न्हाय."

बाकीच्या तिघींनीही आपापल्या ढिगांवर पोती टाकली.

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती रोखीनं आणि राजीखुशीनं झाली, तर दिवस सरळ जातो. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. माझे वडील बाजारात केळी विकायचे, आणि भवानी झाल्याशिवाय ते सख्ख्या भावालाही केळं देत नसत. पंखा लावलेल्या ऑफिसात पंचवीस वर्षं बसून मी ते विसरलो होतो, एवढंच.

मी घाईनं खिशातून नोट काढली. "घ्या की मावशी. ही भवानी."

"चूक केल्याचं पैसं देताय व्हय? ती भवानी न्हवं."

टेंपोच्या फळीवर तिचा नवरा बसला होता. त्याला ही सकाळ मनापासून आवडलेली दिसली. "मी काय म्हनलं हुतं? उसाचा कोन गुच्छ करत न्हाय बगा."

एवढ्यात माझी बायको दोन पिशव्या घेऊन आली. ती शिरोळकडची, भाजी पिकवणाऱ्या घरातली. तिनं झाकलेले ढीग पाहिले, माझ्या हातातली नोट पाहिली आणि सरांच्या हातातला गुच्छ पाहिला. सरळ सरांपाशी गेली. "सर, जरा द्या हं," म्हणत वाक्याच्या मधोमध तिनं गुच्छ काढून घेतला, सुतळी सोडली आणि जिची भाजी तिच्या ढिगात नेऊन ठेवली. मग मोकळ्या जागेच्या फाटकाबाहेर गेली. आम्हाला वाटलं, घरी चालली. ती वळली आणि गिऱ्हाइकासारखी पुन्हा आत आली.

"मावशी, मेथी कशी?"

मावशीनं पोतं बाजूला केलं आणि भाव सांगितला.

"एवढा? केशर घातलंय व्हय वाफ्यात?"

"घ्यायची तर घे, न्हायतर फुडं हो. बंगल्यात ऱ्हातीस आन् जुडीला रडतीस?"

"बंगला कुठला, दोन खोल्या हायत. आणि ही माती बघा की, निम्मी मातीच विकताय."

"माती हाय म्हनून मेथी हाय, बाई!"

'एकच भाव, घासाघीस नाही' असा फलक मी स्वतः रंगवून लावला होता. त्याच्याच खाली हे पाच मिनिटं चाललं. मावशीचा आवाज चढत गेला आणि चेहरा उजळत गेला. शेवटी सौदा ठरला. मावशीनं नोट कपाळाला लावली, ढिगावरून एकदा फिरवली, कनवटीला खोचली आणि बायकोच्या पिशवीत मूठभर कोथिंबीर वरून टाकली. ती फुकट, पण आता चालत होती. बाकीच्या तिघींची पोतीही निघाली. सरांचं भाषण रिकाम्या हातांनी पुढे सुरू राहिलं.

दोन तासांत मेथी आणि चाकवत संपला. वांग्यांची दीड पाटी उरली. मावशीच्या नवऱ्यानं ती उचलून टेंपोत ठेवली.

"निम्म्यात ऊस लावतो," तो म्हणाला. "निम्मं ऱ्हाऊ दे तुला."

"निम्मं कशापायी? वांगी जास्त आनली ही चूक माजी. मेथी गेली न्हवं? सात गुंठं माजं."

"पाच."

"सात!"

टेंपो फाटकाबाहेर पडून वळणावर दिसेनासा झाला, तरी आतून पाच आणि सात ऐकू येत होते.

दुपारी मी बायकोसमोर मेथी निवडायला बसलो. प्रायश्चित्त म्हणून मोठी जुडी माझ्याकडे घेतली होती. म्हणालो, "काही म्हण, बाजार तर सुरू झाला."

"झाला की," ती म्हणाली. "आता तुम्ही मधे पडला नाहीत, तर चालेलसुद्धा."