काढून घेतलेली झांज

डॉक्टरांनी विचारलं, "हे अचानक झालं की हळूहळू?" आणि मी म्हणालो, "हळूहळू."

ते खोटं होतं. माझ्या धाकट्या भावाचं वाजवणं, गुणगुणणं आणि जवळजवळ बोलणंही एका संध्याकाळी बंद पडलं होतं. ती संध्याकाळ मला नीट आठवत होती, कारण ते बंद पाडणारा मीच होतो. कल्याणच्या त्या दवाखान्यात भाऊ माझ्या शेजारी बसून शर्टाच्या बटणाशी चाळा करत होता. पलीकडे बायको होती. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

माझ्या भावाला जन्मापासून डाउन सिंड्रोम आहे. आता तो चाळिशीला टेकलाय. आई होती तोवर तो तिच्याजवळ कल्याणला राहायचा. ती गेल्यावर आम्ही त्याला मानपाड्याला आमच्या घरी आणलं. बाकीचं सामान आम्ही भरलं, पण आईची शाल आणि झांजांची जोडी त्याने स्वतःच्या हातात धरून आणली. कल्याणच्या घरी रोज दिवेलागणीला आई आरती म्हणायची आणि तो झांज वाजवायचा. आरती संपली तरी त्याची झांज संपायची नाही. आई हात जोडून, डोळे मिटून उभी राहायची आणि तो आणखी थोडा वेळ अगदी हलक्या हाताने वाजवत राहायचा. मग शेवटचा एक ठोका. "झालं," असं तो म्हणायचा आणि मगच आई डोळे उघडायची. हे मी कितीतरी वेळा पाहिलं होतं. त्यामुळे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

आमच्याकडे आल्यावर सुरुवातीला तो फार गप्प असायचा. बायकोच्या ओळखीच्या एका बाईंनी सांगितलं की ठाण्याला एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर शनिवारी संगीतोपचाराचा गट भरतो, लहान-मोठे सगळे येतात. मी तरुणपणी पेटीच्या परीक्षा दिलेला माणूस. मला वाटलं, गाण्याचा क्लास असेल. तिथे गेलो तर अर्धगोलात खुर्च्या आणि मधे सतरंजीवर ढोलकी, डफ, घुंगरू, लाकडी ठोकळे, काय हवं ते उचला. अर्धांगाचा झटका येऊन गेलेले एक आजोबा होते. त्यांना बोलताना शब्द सापडत नसत, पण सुरात म्हटलं की सापडत. ते "चहाऽ कुठेऽ आहेऽ" असं गाऊन चहा मागायचे. त्यांची बायको आम्हाला सांगायची, "घरी पण आता गाऊनच भांडतात." मुळीच न बोलणारी आठेक वर्षांची एक मुलगी होती. आणि कंपवाताच्या एक काकू होत्या, त्या नेहमी खुळखुळाच घ्यायच्या. "हात तसाही हलतोच, म्हटलं वाजू दे काहीतरी," म्हणायच्या.

गट चालवणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. त्या या विषयाचं रीतसर शिक्षण घेतलेल्या. सुरुवातीला त्या एकेकाचं नाव गाऊन हाक मारायच्या आणि ज्याने त्याने आपल्या वाद्यावर ओ द्यायची. पहिल्या दिवशी भावाने लाकडी ठोकळा घेतला आणि आडवातिडवा वाजवायला लागला. मी मागून म्हणालो, "अरे, तालात वाजव, तालात."

ताई म्हणाल्या, "दादा, इथे ताल त्याचा. आपण त्याच्या मागे जायचं."

"आणि तो चुकला तर?"

"मग आपणही चुकायचं."

त्या खरंच तसंच करत. भाऊ जसा वाजवी तशी त्यांची ढोलकी त्याच्यामागे जाई. तो थांबला की थांबे, तो हसत पुन्हा सुरू झाला की तीही. मला ते पोरकट वाटायचं. पण काही महिन्यांत तो घरी गुणगुणायला लागला. वहिनीला नावं ठेवण्याइतकं बोलायला लागला, "वहिनी, आमटी पाणी झाली." शनिवारी सकाळी मी उठायच्या आत तो बूट घालून दारात बसलेला असायचा. ठोकळ्यावर त्याची ओ ठरून गेली होती, तीन ठोके आणि वर एक "झालं".

मग गणपतीत ते घडलं.

त्या वर्षी मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी झालो होतो, पहिल्यांदाच. त्या दिवशी आरतीला क्लबहाउस भरलं होतं. बाहेरचे पाहुणे बोलावले होते, कुणीतरी मोबाइल स्टँडवर लावून परदेशातल्या मुलांना सगळं दाखवत होतं. मला सकाळपासून धास्ती होती की काहीतरी गडबड होणार आणि लोक माझ्याकडे बघणार. भाऊ पहिल्या रांगेत आईची झांज घेऊन उभा होता. आरत्या झाल्या. मंत्र सुरू झाले, सगळे हात जोडून उभे राहिले, आणि त्याची झांज चालूच राहिली. हलक्या हाताने, आईसाठी असायची तशी. एका पाहुण्याने वळून पाहिलं. मागे कुणीतरी हसलं.

मी पुढे होऊन त्याचं मनगट धरलं. "हळू," म्हणालो. मला बंद कर म्हणायचं होतं. त्याला वाटलं, आणखी हळू वाजवायचंय. त्याने आणखी हळू वाजवलं आणि बरोबर ना, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी झांज ओढली. तिची दोरी त्याच्या बोटांना गुंडाळलेली होती, निघेना, म्हणून जोरात ओढली. "कळत नाही का तुला? जा, घरी जा!" हे मात्र मी हळू म्हणालो नव्हतो. मंत्र म्हणणारे क्षणभर थांबले.

तो गेला. एकटा लिफ्टने तो कधी जात नसे, तरी गेला. थोड्या वेळाने बायको वर गेली तर तो घरी नव्हता. ती मजल्यामागून मजला शोधत होती आणि मी खाली पाहुण्यांच्या हातावर प्रसाद ठेवत होतो. दुसऱ्याच एका मजल्यावर, कुणाच्या तरी दाराबाहेर चपलांच्या स्टँडशेजारी तो बसलेला सापडला. बोटं तोंडात धरून. दोरीने एका बोटाचं सालटं निघालं होतं.

झांज मी कपाटाच्या वरच्या खणात पांघरुणांमागे ठेवून दिली. का, ते मला अजून सांगता येत नाही. त्याने ती मागितली नाही.

त्यानंतरच्या शनिवारी तो बूट घालून बसला नाही. मीच त्याला तयार केलं. ठाण्याला ताईंनी त्याचं नाव गायलं, तर त्याने दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि जमिनीकडे बघत राहिला. ताईंनी पुन्हा गायलं. सगळे थांबले. आजोबांनीसुद्धा त्याचं नाव सुरात घेऊन पाहिलं. काही नाही. निघताना मी त्याच्या बुटाची नाडी बांधत होतो तेव्हा ताईंनी जवळ येऊन विचारलं, "घरी काही झालं का?"

"नाही हो. काहीच नाही."

त्या एका उत्तरावर पुढचं सगळं उभं राहिलं. काही झालं नाही म्हटल्यावर ताई दुसरी कारणं शोधायला लागल्या. दर शनिवारी त्याच्या कानाजवळ छोटी घंटा वाजवून बघत. मग म्हणाल्या, कान तपासून घ्या. मी तपासून आणले, कान चांगले होते. घरी तो जेवायचा, टीव्हीसमोर बसायचा, पण बोलायचा नाही. बायकोने आमटी मुद्दाम पातळ केली तरी काही बोलला नाही. शेवटी ताईंनी मला बाजूला घेतलं. "घाबरवत नाही, पण अशा व्यक्तींना विसरण्याचा आजार कधीकधी लवकर सुरू होतो. एकदा डॉक्टरांना दाखवाल?"

तेव्हापासून मी त्याच्यावर नजर ठेवायला लागलो. त्याला बटण लावता येईना झालं की मला वाटे, हेच ते. त्याने बाथरूमचा नळ उघडा टाकला की वाटे, हेच ते. आणि तरीही, लाज वाटते पण लिहायचंच ठरवलंय, मला आतून वाटत होतं की डॉक्टरांनी हो म्हणावं. आजार निघाला तर कुणाचा दोष उरणार नव्हता. म्हणून मी त्या खुर्चीत बसून "हळूहळू" म्हणालो. डॉक्टर म्हणाले, आणखी काही तपासण्या करू आणि मग गोळ्या सुरू करायच्या का ते ठरवू.

परतताना पत्रीपुलावर गाड्या अडकल्या होत्या. बायको समोर बघत म्हणाली, "हळूहळू?"

"मग काय सांगायचं होतं?"

"जे झालं ते. त्याला मी शोधलंय त्या दिवशी, तुम्ही नाही. नसलेल्या आजाराच्या गोळ्या घालणार आहात त्याला?"

"नसलेला कशावरून? तू डॉक्टर आहेस का?"

मागच्या सीटवरून आवाज आला. "दादा ओरडला."

कित्येक आठवड्यांनी त्याने आपणहून काढलेले ते पहिले शब्द होते. तो काही विसरला नव्हता. मागची गाडी हॉर्न वाजवत होती, पुढची रांग सरकली होती, आणि माझा हात गिअरवर नुसताच होता.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन केला आणि खरं ते सांगितलं. शनिवारी ताईंना सांगितलं. मला वाटलं होतं, त्या म्हणतील, होतं असं. त्या म्हणाल्या, "दादा, मी त्याच्या कानाशी घंटा वाजवत बसले हो इतके दिवस. तुम्ही तिथे खुर्चीवर बसून बघत होतात." बराच वेळ त्या डफ पिशव्यांत भरत राहिल्या. मग म्हणाल्या, "तपासण्या सोडू नका. धक्का बसला असेल आणि आजारही असेल, दोन्ही असू शकतं. पण त्याला काय हवंय ते आधी त्याला विचारा."

त्या संध्याकाळी मी खणातून झांज काढून त्याच्यापुढे ठेवली. त्याचे हात लगेच मांड्यांखाली गेले.

"वाजव ना," मी म्हणालो.

"नको. दादा ओरडतो."

"नाही ओरडणार. चुकलं माझं. सॉरी."

त्याने झांजेकडे पाहिलं, मग दाराकडे. "खाली," तो म्हणाला.

"खाली काय?"

"खाली."

मला लगेच कळलं होतं. पण कळलं नाही असं मी दाखवलं आणि त्याला चहा हवा का विचारलं. खाली, क्लबहाउसमध्ये, त्याच लोकांसमोर. माझे पाय तिकडे वळेनात. दिवाळी येऊन गेली. तपासण्या झाल्या. त्यातून नक्की असं काही निघालं नाही. डॉक्टरांनी गोळ्यांचा विचार तूर्त बाजूला ठेवला आणि काही महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं. शनिवारी तो यायचा आणि हातांवर बसून राहायचा. ती न बोलणारी मुलगी एकदा उठून त्याच्या मांडीवर ठोकळा ठेवून गेली. तो पडू नये म्हणून त्याने गुडघे जुळवून धरले, तेवढंच. आणि मी रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यांची तोंडं बघून, यांच्यासमोर कसं बोलायचं, याचा विचार करत राहिलो.

सोसायटीच्या वर्धापनदिनाला सत्यनारायण असतो. पूजा आटपून आरतीची तयारी चालली होती. बायको शिऱ्याचं पातेलं घेऊन आली तेव्हा तो तिच्यामागून आला, पण क्लबहाउसच्या दारातच थांबला. चपला काढल्या नाहीत. हॉलमध्ये बहुतेक तेच लोक होते. तबकात निरांजन पेटलं होतं. झांज सकाळपासून माझ्या झब्ब्याच्या खिशात होती आणि खिसा चांगलाच लोंबत होता.

मी दारापर्यंत गेलो. झांज काढून तळहातावर धरली.

"अहो सेक्रेटरी, सुरू करायचं ना?" गुरुजी म्हणाले. "वात विझेल."

"एक मिनिट, गुरुजी."

भाऊ झांजेकडे बघत होता. हात पाठीमागे.

"माझं चुकलं," मी म्हणालो. जेमतेम त्याला ऐकू जाईल इतकंच.

तो माझ्या खांद्यावरून आत बघत होता, लोकांकडे. मग म्हणाला, "जोरात."

आत कुणीतरी कुणाला तरी गप्प केलं. मला माझ्या पाठीवर सगळ्यांचे डोळे जाणवत होते. ज्याला मी त्या दिवशी भ्यालो होतो, तेच हे. मी वळलो, त्याच्या शेजारी उभा राहिलो, लोकांकडे तोंड करून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "गणपतीत मी इथे सगळ्यांसमोर माझ्या भावाच्या हातातून झांज ओढून घेतली. त्याला घालवून दिलं. तो बरोबर वाजवत होता, आई असताना वाजवायचा तसंच. त्याचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं." मग त्याच्याकडे वळून, तितक्याच जोरात म्हणालो, "मला माफ कर."