टाकीला पाजलेलं दूध

दूध फेकणं माझ्या हातून कधी होत नाही. घोटाळा झाला तो त्यामुळेच.

आमच्या गायीची कास सुजली. गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी सडात अँटिबायोटिक सोडलं आणि बजावलं, "काका, हिचं दूध सध्या घरात घ्यायचं नाही. ओतून टाका." मी रोज दोन्ही वेळचं इमानाने ओतलं, पण गोबरगॅसच्या टाकीत. वाया कशाला घालवा! शेणही तिचंच घालत होतो. "आता बघ, गॅस कसा जोमाने पेटतो," असं बायकोला ऐकवलंसुद्धा.

दहाएक दिवसांत ज्योत पिवळी पडली, फुरफुरली आणि गेली.

बायकोला दमा आहे. धूर सोसत नाही, म्हणून तर जांभ्याचा कातळ फोडून ती टाकी बांधली होती. सिलिंडर मी मोठेपणाने लेकीच्या रत्नागिरीतल्या नव्या बिऱ्हाडाला देऊन बसलो होतो. राहिली चूल. पहिल्याच दिवशी बायको तिच्यापुढे बसली आणि धाप लागून उठली.

डॉक्टरीणबाई गाय बघायला परत आल्या. गाय सावरली होती. मी चाचरत टाकीचं सांगितलं, तसा त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, गॅस करतात ते टाकीतले जिवाणू. तुम्ही त्यांनाच औषध पाजलंत! हिचं शेण काही दिवस बाजूला टाका, निरोगी गुरांचं ताजं घाला आणि धीर धरा."

पाटी घेऊन शेजारच्या वहिनींच्या गोठ्यात गेलो. बातमी माझ्याआधी पोचली होती. "या भावोजी! दूध घालून झालं, आता विरजण न्यायला आलात?"

चूल मी मागच्या पडवीत हलवली आणि बायकोला तिकडे फिरकू दिलं नाही. महिनाभर पेज मी शिजवली; कधी करपली, कधी कच्ची राहिली. ती दाराआडून ओरडायची, "लाकूड मागे ओढा! मागे, मागे!" आणि तेवढ्यानेही खोकायची. तो खोकला कानात घेऊन मी शेण कालवायचो आणि त्या न दिसणाऱ्या जिवांची मनातल्या मनात माफी मागायचो.

एका सकाळी शेगडीचं बटण फिरवून काडी लावली, तर निळी ज्योत. बारीकच, पण टिकली. मी हाक मारली. ती आली, ज्योतीकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. माझ्या हातातलं पातेलं तिने काढून घेतलं.

"चहा मी ठेवते," ती म्हणाली. "तुम्ही आधी ते लाल डोळे धुऊन या. कुणी बघितलं तर म्हणेल, हिने नवऱ्याला महिनाभर रडवलंन."