धाकट्या पातीचं मत

त्या दिवसांत माझी झोप उडाली ती माझ्या लेकीपायी, बनूपायी. गावात देवीची साथ येणार अशी कुणकुण होती. पोरीच्या दंडाला टोचून घ्यावं, तर सासूबाई म्हणत देवीचा कोप होईल. न घ्यावं, तर मला वाटे पोर हातची जाईल. आणि नेमकं त्याच विषयावर मला इंग्रजीत भाषण करायचं होतं. तेही टोचण्याच्या विरुद्ध!

हे असं कसं, ते कळायला आमच्या बायकांच्या सभेच्या दोनचार गोष्टी आधी सांगायला हव्यात. सभेत शिकलेलं शास्त्र बरंचसं विसरले. किस्से मात्र साठतच गेले.

*

आमच्या देवासात राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एक, त्या अंगाला दुसरी! सभा घेणाऱ्या इंग्रज मिसबाई आम्हा अंमलदारांच्या बायकांना इंग्रजीत शास्त्रीय विषयांवर वाद घालायला शिकवीत. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बाजूने कोण, विरुद्ध कोण?" आम्ही आपापल्या पातीप्रमाणे बसलोच होतो. थोरली बाजूने, धाकटी विरुद्ध. तोच शिरस्ता पडला.

मी धाकट्या पातीची. विषय निघाला, पृथ्वी गोल आहे.

मी उठले आणि इंग्रजीत सांगितलं की पृथ्वी सपाट आहे.

"प्रूफ?" मिसबाई म्हणाल्या.

"मी टांग्याने उज्जैनला गेले होते. तिथवर तरी सपाटच आहे."

मिसबाईंनी खिडकीबाहेर बोट केलं. "आणि ही टेकडी?"

तेवढ्यात मागून आमच्याच पातीची एक बाई म्हणाली, "ती देवीची आहे. ती यात धरायची नाही!"

*

थोरल्या पातीच्या म्होरक्या म्हणजे माझ्या आत्येसासूबाई. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. आता त्यांचं बोलणं खोडायचं कसं? मी पदर सारखा केला, पुढे जाऊन वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "आत्याबाई, यू आर राँग."

त्यांनी डोक्यावर हात ठेवला. "अखंड सौभाग्यवती हो. नाऊ सिट डाउन!"

*

याच आत्याबाईंनी एकदा हवेच्या दाबाचा प्रयोग दाखवला. पाण्याने भरलेल्या पेल्यावर कागद ठेवून पेला उपडा करायचा. भाषण मात्र त्यांनी आधीच तोंडपाठ केलेलं! पेला उपडा झाला आणि सगळं पाणी मिसबाईंच्या झग्यावर. आत्याबाईंची नजर समोरच्या भिंतीवर, आवाज खणखणीत :

"अ‍ॅज यू सी, लेडीज, नॉट वन ड्रॉप हॅज फॉलन!"

टाळ्या आम्ही वाजवल्या. न वाजवून सांगतो कुणाला!

*

एकदा धारहून एक बाई पाहुण्या आल्या. इंग्रजी कसं अगदी पाण्यासारखं. बोलता बोलता समोरच्या पक्षाचा एक मुद्दा ऐकून त्या थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "आय वॉज मिस्टेकन."

सभा गार! असं उभ्या उभ्या मत बदलता येतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आत्याबाई पलीकडून उठून आल्या आणि माझ्या कानाशी लागल्या.

"मत बदललं? म्हणजे हिनं घर बदललं की काय?"

*

आणि मग तो टोचण्याचा विषय. मन म्हणे टोचावं. पण पाती धाकटी! मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता विरुद्धचं भाषण घोकी, आणि बनू पाटावर बसून ऐके.

"आई, तू सारखी नो नो का म्हणतेस?"

"आपण धाकट्या पातीच्या ना, म्हणून."

एरवी माझं इंग्रजी चौथ्या शब्दाला अडखळायचं. त्या दिवशी मात्र मी अशी काही बोलले की माझं मलाच भय वाटलं. आत्याबाईंनी चक्क टाळी दिली.

"सूनबाई, पटलं हो मला! उद्या टोचणारा यायचाय. आमच्या नातीला नाही मी टोचू देत."

मी पुन्हा बोलायला उठले. धारच्या बाईंचं वाक्य तेवढं सुचलं.

"आय वॉज मिस्टेकन."

"म्हणजे?" आत्याबाईंनी मराठीतच विचारलं.

"म्हणजे मी बनूला टोचून घेणार आहे."

"आधी तुझीला टोच. मी समोर बसून बघते. मग आमचीचं ठरवू."

दुसऱ्या दिवशी टोचणारा ओसरीवर पेटी उघडून बसला. आत्याबाई नातीला कडेवर घेऊन रस्ता ओलांडून आल्या. सासूबाई माजघराच्या दारात, तोंडाने देवीचं नाव चाललेलं. टोचणाऱ्याने हात पुढे केला.

"लाओ बाई, छोरी का हाथ."

बनूने दोन्ही हात पाठीमागे लपवले. माझ्याकडे पाहिलं, आत्याबाईंकडे पाहिलं, आणि उजवा हात हळूच पुढे केला.

"हा थोरल्या पातीचा आहे, याला टोचा. धाकट्या पातीचा नको म्हणतोय."