मामाची बिनफटीची जोडवी

आमच्यात भाचीची जोडवी मामानं द्यायची असतात. शहाणे मामा सराफाकडं जातात. मी मात्र चितेगावच्या कंपनीत तीस वर्षं माल तपासून निवृत्त झालेलो. मला बाजारची जोडवी कशी पटावीत? ती मी स्वतः घडवणार, असं साखरपुड्याच्या भर पंगतीत जाहीर करून बसलो. बायको म्हणाली, "आधी मोरीतला नळ दुरुस्त करा." मी जिलबी मागून घेतली.

चांदी घरात होती. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तिची जोडवी डबीत पडून होती. फुशारकी बाजूला ठेवून सांगतो, आईचं काहीतरी नातीच्या पायात असावं, असं मला फार वाटत होतं.

हर्सूलचे एक म्हातारे चांदीचे कारागीर शिकवायला तयार झाले. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला नुसती तांब्याची तार कापायला लावली. तेवढ्यात मी आमच्या पुंडलिकनगरात 'ज्वेलरी डिझायनिंग करतोय' म्हणून सांगून मोकळा झालो. तिसऱ्या आठवड्यात फुंकणीच्या जाळानं अर्धी मिशी जळाली.

आईची जोडवी मुशीत टाकण्याआधी कारागिरांनी दोनदा विचारलं, "खरंच मोडायची का, साहेब?"

"तोंडं बघा किती फाकलीत," मी म्हणालो. "आमच्याकडं असला माल गेटबाहेर जात नसे."

त्यांनी जोडवी मुशीत सोडली. चांदी आटली, तार ओढली, जोडवी वळली. दोन्हींच्या टोकांत बारीक फट राहिली. "ऱ्हाऊ द्या तशीच," एवढं सांगून ते जेवायला गेले. मी नुकताच डाग द्यायला, म्हणजे झाळून सांधे जोडायला, शिकलो होतो, आणि फट दिसली की माझा हात जन्मापासून शिवशिवतो. ते परत येईपर्यंत दोन्ही तोंडं झाळून बंद केली आणि जोडवी खिशात घातली.

भाचीच्या बोटाचं माप मी व्हर्नियरनं घेतलं होतं, ती सोफ्यावर पाय पसरून बसलेली असताना. हळदीच्या दिवशी तेल लावून एक जोडवं कसंबसं चढवलं. ती उभी राहिली आणि बोट टरारून सुजलं. एका मावशीनं साबण आणला, दुसरीनं बर्फ. तिसरीनं माझ्याकडं बघून नुसता सुस्कारा सोडला. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं. स्कूटर काढून कारागिरांना घेऊन आलो.

त्यांनी डागावरच कातर चालवली. दुसरं जोडवंही न विचारता कापलं.

"साहेब, जोडव्याचं तोंड बंद करत नसतेत. बाईचा पाय काय जन्मभर एकाच मापाचा ऱ्हातो व्हय? उद्या लेकरं व्हतील, पाय सुजतील. दर खेपंला ती थोडं फाकवून घेती."

टोकं टोचू नयेत म्हणून त्यांनी कानस माझ्या हातात दिली. मी भाचीच्या पायाशी बसून घासू लागलो. जोडवी अलगद चढली.

"मामा, माल पास का?" भाची हसत म्हणाली.

मी मान हलवली. वर बघायची हिंमत होईना. आईच्या जोडव्यांची तोंडं चांगलीच फाकली होती. आम्ही पाच भावंडं. आणि मी ती खराब माल म्हणून आटवली.