रोशनबीनं शिवलेला ताईत

कामशेतच्या तांदळाच्या गिरणीत रोशनबी पोत्यांची तोंडं शिवायला लागली तेव्हा इर्शाद तिच्या पोटात होता, आणि आज तो इर्शाद ट्रक चालवतो. एवढ्या वर्षांत तिनं दुसरं काही केलं नाही. दाभणात सुतळी ओवायची, पोत्याचा काठ दुमडायचा आणि सटासट टाके घालायचे. तिनं शिवलेलं पोतं हैदराबादला जाऊन उतरलं तरी दाणा सांडत नाही, असं हमाल सांगायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. नवरा लवकर गेला. तिनं एकटीनं पोर वाढवलं, कुणापुढं हात पसरला नाही. पण या गोष्टीचा ताठा असा चढला की, रोशनबी, हे तुला कळत नाही, असं म्हणायची गावात कुणाची टाप उरली नाही. सुनेची तर नव्हतीच नव्हती.

सून जीनत कार्ल्याची. बारावी शिकलेली, हळू बोलणारी. तिची मुलगी आयरा आठ महिन्यांची असताना पोरीला पहिलं फेफरं आलं आणि रोशनबीनं त्याच दिवशी निकाल देऊन टाकला.

"आमच्या सात पिढ्यांत कुनाला न्हाई. हे तुज्या घरचं हाय."

जीनतनं माहेरी चौकशी केली. तिथंही कुणाला नव्हतं. पण ऐकतंय कोण!

आयरा चार वर्षांची झाली तोवर पाच तऱ्हेची औषधं झाली होती आणि झटके दिवसाला दहा-बारा. पोरगी चालता चालता धाडकन पडायची. कपाळावर टाक्यांच्या खुणा, हनुवटी दोनदा फुटलेली. अंगणवाडीच्या बाईंनी सांगून टाकलं की आणू नका, बाकीची पोरं भितात. शेवटी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार औषधाला दाद देणार नाही, मेंदूचं ऑपरेशनही हिला उपयोगाचं नाही, आपण यंत्र बसवू. खर्च एका ट्रस्टनं उचलला. डाव्या हासळीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, बिस्किटाएवढं यंत्र बसलं. तिथून एक तार मानेतल्या नसेला गुंडाळलेली. दर पाच मिनिटांनी यंत्र त्या नसेला बारीक वीज देणार, ती मेंदूपर्यंत पोचणार आणि तिथला गोंधळ हळूहळू आटोक्यात येणार.

सोबत एक चुंबक दिला, काळा, साबणाच्या लहान वडीएवढा. डॉक्टरीणबाईंनी जीनत आणि इर्शादला आत बोलावून दोनदा करून दाखवलं. झटका येतोय असं दिसलं की चुंबक यंत्रावरून एकदा फिरवायचा, म्हणजे ते जादा जोर लावतं. फिरवला की लगेच बाजूला घ्यायचा. छातीवर तसाच ठेवला तर यंत्र बंद पडतं, आणि काढेपर्यंत बंदच राहतं.

आत दोघांनाच घेतलं होतं. रोशनबीला बाहेर बाकड्यावर बसवून ठेवलं. तो अपमान ती विसरली नाही.

गुण यायला वर्ष गेलं, पण आला. दिवसाचे बारा झटके आठवड्याला दोनवर आले. आयरा बोलायला लागली, आजीच्या मागं मागं गिरणीच्या फाटकापर्यंत धावायला लागली. यंत्र वीज देत असलं की तेवढा वेळ तिचा आवाज घोगरा व्हायचा. हे असं होणारच, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, पण रोशनबीला ते खपायचं नाही. "पोरीचा गळा बसवला मेल्यांनी," म्हणायची. तरी आयरानं "दादी, भात" म्हणून हाक मारली की ती हातातलं दाभण टाकून उठायची. जीव होता तिचा पोरीवर. तो नसता तर पुढचं काही घडलंच नसतं.

एका सकाळी आयराला झटका आला आणि चुंबक सापडेना. जीनतनं तो चुलीवरच्या फळीवर ठेवला होता, तो डब्यामागं सरकलेला. सापडेपर्यंत चार मिनिटं गेली. रोशनबीनं सुनेच्या दोन थोबाडीत दिल्या आणि संध्याकाळी काळ्या कापडाची पुरचुंडी शिवून, आत चुंबक घालून, काळ्या दोऱ्यानं आयराच्या गळ्यात बांधली. नेमकी यंत्रावर. हिशेब तिच्या लेखी अगदी सरळ होता. दर्ग्यातून आणलेला ताईत कुणी दिवसातून एकदा अंगावरून फिरवून फळीवर ठेवतं का? तो अंगावरच असावा लागतो. मग नुसता फिरवून एवढा गुण, तर अष्टौप्रहर छातीवर असल्यावर झटक्याची काय बिशाद!

"अम्मी, डॉक्टर म्हणाल्या होत्या की तिथं ठेवायचा नाही. यंत्र बंद पडतं," जीनत म्हणाली.

"डाक्टरीण काय तुजी मावशी लागती व्हय? मला शिकीवती!"

आणि काय सांगावं, दोन दिवसांत आयराचा आवाज खणखणीत झाला! रोशनबीनं गल्लीभर डंका पिटला. बघा, डॉक्टरांनी बसवलेला गळा माझ्या ताईतानं सुटला. आवाज का सुटला हे एकट्या जीनतला कळत होतं. यंत्र गप्प झालं होतं.

आठ दिवसांनी झटके वाढायला लागले. दोनाचे पाच, पाचाचे नऊ. सासू गिरणीत गेली की जीनत पुरचुंडी काढून ठेवायची. एके दिवशी रोशनबी मधेच घरी आली आणि चोरी उघडी पडली. तिनं आरडाओरडा केला नाही. दाभण घेतलं, पुरचुंडी आयराच्या आतल्या बंडीला आतून शिवून टाकली, तशाच दोन बंड्या केल्या आणि पोरीला आंघोळ घालायचं काम स्वतःकडं घेतलं. चुंबक ती एकीतून काढून दुसरीत घालायची, आणि तोंड पुन्हा शिवायची.

जीनतनं इर्शादला फोन केला. तो सोलापूरकडं होता. त्यानं आईला विचारलं, "अम्मी, त्या ताईतात चुंबक हाय का?"

"तुज्या बापाची शपथ. दर्ग्याचा ताईत हाय त्यो, चुंबक तुज्या बायकूनंच हरवलाय," रोशनबी म्हणाली. "बाईल आईवर आळ घेती आन तू मलाच विचारतूस?"

इर्शाद परतला तो आईच्या बाजूनंच. शिवण उसवून बघायला किती वेळ लागला असता? त्यानं बघितलं नाही. पोरीला घरीच ठेवून, जीनतला ट्रकमध्ये बसवून कार्ल्याला तिच्या भावाच्या, अबरारच्या दारात सोडलं. चार दिवस रहा, अम्मीला शांत होऊ दे, म्हणाला. त्या चार दिवसांचे तीन महिने झाले.

त्या तीन महिन्यांत रोशनबीच्या मनात पाल चुकचुकली नाही असं नाही. सून गेली, तिची पीडा गेली, तरी झटके चढतच होते. रोज रात्री अंथरुणावर पडताना तिला वाटायचं, उद्या टाका कापून बघू. सकाळी कात्री हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. कारण टाका कापून पोरगी बरी झाली असती, तर जीनत खरी ठरली असती. एवढी एकच गोष्ट रोशनबीला सोसणारी नव्हती. पोरगी डोळ्यांदेखत पडत होती, तोंडातून फेस येत होता, आणि ही बया कात्री खुंटीला लावून गिरणीत जात होती. माणूस इतकं दगड होऊ शकतं!

मग एका दुपारी झटका आला तो थांबेचना. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. इर्शाद नशिबानं घरी होता. कामशेतच्या डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन ॲम्ब्युलन्सनं पुण्याला धाडलं. तिथं नर्सनं बंडी कापली तेव्हा पुरचुंडी हाताला लागली. डॉक्टरीणबाईंनी ती उसवली आणि चुंबक टेबलावर ठेवला.

"हे कुणी बांधलं?"

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"किती दिवस होतं छातीवर?"

"चार म्हैने," इर्शाद म्हणाला आणि आईकडं वळला.

रोशनबीनं डोळ्याला पदर लावला. "तिच्या आईनं शिवलं, बाई. मला म्हनली, दर्ग्याचा ताईत हाय. म्हनून तर तिला ठाव व्हतं आत काय हाय ते!"

घ्या! जीनतनं जीव तोडून सांगितलेलं खरं तिच्याच गळ्यात धोंड्यासारखं बांधलं. इर्शादनं बंडीचा कापलेला तुकडा उचलला. पोत्याचा टाका होता तो. त्या टाक्यावर तो लहानाचा मोठा झाला होता. त्यानं तुकडा नीट पाहिला, घडी केली आणि कचऱ्याच्या बादलीत टाकला.

"चार महिने यंत्र बंद होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता झटके कमी होतील. पण गेलेलं सगळं परत येईल असं मी सांगत नाही."

आयरा महिन्यानं घरी आली. उजवा हात लुळा, बरेचसे शब्द गेलेले. झटके मात्र खरोखरच ओसरले. हळूहळू एकेक शब्द परतायला लागला, तशी रोशनबीची झोप उडाली. पोरीला सगळं आठवलं तर? दाभण कुणाच्या हातात होतं हे तिनं पाहिलं होतं. मग भात भरवताना रोशनबीनं शिकवणी सुरू केली.

"ताईत कुनी बांधला व्हता?"

"अम्मीनं."

"मग काय झालं?"

"मी पडले."

"शाब्बास." आणि पुढचा घास. पाढे पाठ करून घ्यावेत तसं दोन्ही वेळच्या जेवणाला हे चालायचं. इर्शाद समोर बसून जेवत असायचा. तो मान खाली घालून आमटी ओरपायचा.

बाजाराच्या दिवशी जीनत आली. सोबत अबरार होता, त्याला तिनं रस्त्यातच थांबवलं. इर्शाद गाडी घेऊन गेलेला. दारात आयरा उभी होती. जीनत तिथंच खाली बसली आणि तिनं हात पसरले.

आयरा मागं सरकली, आजीच्या लुगड्याआड गेली. "तू बांधलंस," ती म्हणाली. "मी पडले."

जीनतचे पसरलेले हात तसेच राहिले. ती रडली नाही, भांडली नाही. सासूकडं बघून एवढंच म्हणाली, "अम्मी, मला घरात घेऊ नका. यांनाही काही सांगू नका. बाहेर मला काय म्हणायचं ते म्हणा. फक्त हिला एकदा खरं सांगा. हिला तेवढं सांगा, मी पुन्हा येणार नाही."

रोशनबीच्या घशापर्यंत शब्द आला. खोटं कशाला बोला, आला होता. तिनं खाली पाहिलं. आयराचा धड हात तिच्या लुगड्याला घट्ट धरून होता. खरं कळल्यावर हा हात कुणाला धरील, एवढाच विचार तिनं केला.

"व्हय बाळा," तिनं आयराच्या डोक्यावरून हात फिरवला. "हिनंच बांधलं व्हतं. सांग तिला, जा म्हनावं."

"जा," आयरा म्हणाली. तिनं धड हातानं दार लोटलं आणि रोशनबीनं आतून कडी घातली.